बंदीच्या काळातला रातकिडा

“कानात सतत शीळ वाजते. तपासण्या झाल्या, घाबरण्यासारखे काही नाही असे सांगितले, पण आवाज थांबत नाही. हा कधी जाईल, आणि गेला नाही तर माझे डोके ठिकाणावर राहील का?” रत्नागिरीतल्या माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की, त्याचे दोन ओळींत उत्तर देण्याचा मोह मी आता टाळते. तसे उत्तर मी एकदा दिले होते आणि ते चुकले होते. ज्या तांडेलांच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखांच्या, बाबतीत ते चुकले, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकिगत लिहीत आहे.

तांडेल माझ्याकडे आले ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. 1 जून ते 31 जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे त्यांची बोटही झापांखाली उभी होती. वय चोपन्न, समुद्रावर तीस वर्षे, त्यांतली पहिली चौदा इंजिनावर ड्रायव्हर म्हणून गेलेली. बोलायला सुरुवात त्यांच्या पत्नीने केली. जून महिनाभर पाऊस पडवीच्या पत्र्यावर कोसळत होता तोवर यांना झोप लागत होती. मग चार दिवसांची उघडीप मिळाली आणि तेव्हापासून हे रात्रभर अंथरुणात बसून असतात, असे त्या म्हणाल्या. तांडेल मान खाली घालून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच सांगितले, “पाऊस थांबला की रातकिडा चालू होतो. आधी वाटलं बाहेरच आहे. बॅटरी घेऊन मागच्या माडापर्यंत शोधून आलो. मग कानांत बोटं घातली, तर आणखीच मोठ्यानं ओरडायला लागला.”

त्या दिवशी मी त्यांना सांगितले, “काका, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, मन दुसरीकडे वळवा.” दहा दिवसांनी ते परत आले तेव्हा डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती आणि हातात गुंडाळी केलेले भिंतीवरचे कॅलेंडर होते. रोज सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री दिवा मालवल्यावर आवाज कितपत आहे हे ते तपासत, आणि तारखेच्या चौकटीत निळ्या पेनाने फुल्या मारत. तीन फुल्या म्हणजे असह्य. शेवटच्या आठवड्यात तीनपेक्षा कमी फुल्यांची एकही चौकट नव्हती. “मॅडम, लक्ष द्यायचं नाही हे लक्षात ठेवण्यातच रात्र जाते,” ते म्हणाले. माझ्या सल्ल्यातली खोट याहून नेमक्या शब्दांत मला कोणी दाखवली नसती.

दुसरी चूक क्रमाची होती. कानांत आवाज येणे हा स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे, आणि त्याचे कारण शोधण्याआधी मनाचा विचार सुरू करणे म्हणजे बोटीत पाणी कुठून येते ते न पाहता उपसत बसणे. वैद्यक त्याला टिनिटस म्हणते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने कानाचे जे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे आणि कानात आवाज येण्याचाच दुसरा प्रकार असलेला कर्णक्ष्वेडही आहे, तेव्हा हे मोबाइलच्या युगाचे नवे दुखणे नव्हे. कारणे अगदी साध्यापासून गंभीरापर्यंत पसरलेली असतात. कानात घट्ट बसलेला मळ, पडद्यामागचा संसर्ग, मधल्या कानातल्या हाडांचा ताठरपणा, वाढते वय, वर्षानुवर्षांचा गोंगाट, जबड्याच्या सांध्याचे दुखणे, चक्कर आणि बहिरेपणासह येणारा मेनिएरचा विकार, ही त्यांतली नेहमी आढळणारी. काही औषधेही कारण ठरतात: मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन, मलेरियावरचे क्विनाइन, क्षयावर पूर्वी सर्रास दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन, जेंटामायसिन, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन. (म्हणून कोणी चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.)

काही खुणा मात्र अशा आहेत की, त्या दिसल्या तर माझ्यासारखीकडे येण्यात वेळ घालवू नये. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर येत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी आधी व्हायला हवी. दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी गाठावे, कारण त्यावरचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर उपयोगी पडण्याची शक्यता जास्त असते. गुहागरकडच्या एका शिक्षिकेला उशीवर डोके टेकले की कानात ठोके ऐकू येत. ताणामुळे होत असेल या समजुतीने त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले आणि रक्ततपासणीत हिमोग्लोबिन फारच कमी निघाले. त्यांना माझी गरजच पडली नाही.

तज्ज्ञांनी तपासले तेव्हा तांडेलांच्या कानात मळ नव्हता, पडदेही शाबूत होते. पत्नीने दोनदा घातलेल्या लसणाच्या कोमट तेलाने सुदैवाने काही बिघडले नव्हते. पडद्याला छिद्र असते तर बिघडले असते. ऑडिओग्रामचा, म्हणजे ऐकण्याच्या क्षमतेच्या आलेखाचा, कागद त्यांनी मला दाखवला: दोन्ही कानांची रेघ बरीच सरळ येऊन 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीतल्या स्वरांपाशी, एकदम खाली खड्ड्यात उतरली होती आणि पुढे थोडी वर आली होती. गोंगाटाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण आहे. 85 डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत कानांना चालू शकतो आणि त्यापुढे दर 3 डेसिबलमागे ती मुदत निम्मी होते, असा हिशेब धरला जातो. बोटीवरच्या डिझेल इंजिनाजवळच्या बंदिस्त जागेत आवाज सहज 90 च्या पुढे असतो, आणि तिथे या माणसाने चौदा वर्षे काढली होती. आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या वळणदार नळीत, सुमारे 15,000 सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

मग जो आवाज बाहेर नाहीच तो ऐकू कसा येतो, हे त्यांना विचारायचे होते. यावरचे आजचे बहुमान्य स्पष्टीकरण असे की, ज्या पट्टीतले स्वर कानाकडून येईनासे होतात त्या पट्टीत मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि स्वतःचीच कुजबुज त्याला ऐकू येऊ लागते. मी हे सांगत असतानाच तांडेल म्हणाले, “म्हणजे वायरलेसची स्क्वेल्चची, खरखर दाबायची, कळ पूर्ण उघडी ठेवल्यासारखं. पलीकडून कोणी बोलत नसलं तरी खरखर येते.” तेव्हापासून ही उपमा मी त्यांचीच म्हणून वापरते. आणि ही खरखर निरोगी कानांतही दबा धरून असते: 1953 साली हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी नीट ऐकू येणाऱ्या ऐंशी जणांना एकेकटे ध्वनिरोधक खोलीत बसवले, तर त्यांतल्या 94 टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकू आल्याचे सांगितले. घरातली पूर्ण शांतता, जी आपण अशा माणसासाठी प्रेमाने जपतो, तीच त्याला सर्वांत जड जाते. तांडेलांच्या घरी तर पंखासुद्धा बंद ठेवत होते.

2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात प्रौढांपैकी सुमारे 14 टक्क्यांना कर्णनादाचा अनुभव असल्याचे आणि सुमारे 2 टक्क्यांना तो तीव्र असल्याचे म्हटले आहे. या दोन आकड्यांमधली दरी मला नेहमी विचारात पाडते. यंत्रावर मोजायला गेले तर बहुतेकांचा कर्णनाद त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाहून फार मोठा नसतो, आणि तो किती मोठा यावरून माणूस किती त्रासला आहे हे सांगता येत नाही. तेव्हा दरीचे कारण आवाजात कमी आणि त्या आवाजाला आपण काय समजतो यात जास्त दडलेले असते.

तांडेल त्याला काय समजत होते, हे कळायला मला चौथी भेट लागली. त्यांचे वडीलही इंजिनावर होते आणि साठीच्या आत ठार बहिरे झाले. शेवटची दहा वर्षे ते किनाऱ्यावर उपड्या होडीच्या सावलीत जाळ्याच्या गाठी मारत बसत. कोणी हाक मारली तरी वर बघत नसत, आणि वाडीतली मुले मागून टाळ्या वाजवून त्यांची चेष्टा करीत. त्या मुलांत आपणही एकदा होतो, हे सांगताना तांडेलांचा आवाज बसला. रात्रीचा रातकिडा त्यांना ती होडी आणि ती सावली दाखवत होता. रोजच्या फुल्या म्हणजे वडिलांच्या जागेपासून आपण किती अंतरावर आहोत याची मोजणी होती.

मग काम सोपे झाले असे नाही, पण कुठे करायचे ते कळले. ‘आज आवाज वाढला, म्हणजे कान गेले’ हे वाक्य आम्ही कागदावर लिहिले आणि त्याच्यासमोर दोन महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन ऑडिओग्राम ठेवले. रेघ जागची हलली नव्हती. फुल्या जास्त पडलेल्या दिवसांशेजारी आदल्या रात्रीची झोप, घरातली भांडणे आणि कर्जाच्या हप्त्याची तारीख लिहायला सांगितली, तेव्हा फुल्यांचे नाते कानांपेक्षा हप्त्याशी जास्त दिसले. तपासणी सकाळची एकदाच, रात्रीची नाही, असे ठरवले. नंतर तीही दिवसाआड. या पद्धतीने, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या उपचाराने, आवाजाची पातळी खाली येत नाही, हे मी आधीच स्पष्ट सांगते. त्रास कमी होतो, आणि त्यालाही काही महिने लागतात.

झोपेसाठी खोलीत मंद आवाज ठेवायचा होता, रातकिड्याला बुडवणारा नव्हे तर त्याच्याहून थोडा खालचा, म्हणजे मेंदूला दोन्ही ऐकत ऐकत एकाची सवय होते. मोबाइलवर समुद्राच्या लाटांचा आवाज लावून पाहा, असे मी उत्साहाने सुचवले. नवरा-बायको एकमेकांकडे पाहून हसू लागले. “खिडकी उघडली की झालं की हो,” त्या म्हणाल्या. डासांसाठी जाळी बसवली, खिडकी उघडी राहिली, पंखा पुन्हा फिरू लागला, आणि सुचवलेल्या उपायांपैकी सर्वांत स्वस्त तोच ठरला.

श्रवणयंत्राला मात्र त्यांनी बरेच दिवस दाद दिली नाही. ऐकण्यात घट असेल तर यंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि आतला आवाज अनेकांना मागे पडल्यासारखा वाटतो, हे श्रवणतज्ज्ञांनीही सांगून झाले होते. मन वळले ते संध्याकाळच्या लिलावाने. बोटी पुन्हा समुद्रावर जाऊ लागल्यावर एकदा व्यापाऱ्याने ‘साठ’ म्हटले आणि यांना ‘आठ’ ऐकू आले. उंच पट्टीतला ‘स’ त्यांच्यासाठी त्या 4000 हर्ट्झच्या खड्ड्यात पडून गेला होता. चारचौघांत त्यांनी चिडून टोपली मागे ओढली आणि सगळे हसले. पुढच्या आठवड्यात ते यंत्राची किंमत विचारून आले.

इंजिनाजवळ जाताना कानांत कापूस घालण्याची पद्धत आहे. ती निरुपयोगी आहे, कापूस आवाज फारसा अडवत नाही. कानांवर लावायचे मफ आणले तेव्हा, इंजिनाची कुरकुर ऐकू आली नाही तर बिघाड कसा कळेल, ही ड्रायव्हरची शंका त्यांनी काढली. ती रास्त होती. दोन फेऱ्या मफ लावून त्यांनीच पाहिले की, सूर बदलला तर तो मफमधूनही समजतो, फक्त कमी आवाजात.

या प्रवासात त्यांनी बाजारातल्या गोळ्यांवरही पैसे घालवले होते. कर्णनाद हमखास घालवणारे औषध आज उपलब्ध नाही. गिंको बिलोबा या वनस्पतीच्या किंवा जस्ताच्या गोळ्या यांची शिफारस अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या 2014 च्या मार्गदर्शिकेत करू नये असेच म्हटले आहे. एका ठिकाणी त्यांना “यावर उपाय नाही, सवय करून घ्या” असे सांगून दोन मिनिटांत बाहेर पाठवले होते. वाक्य अर्धे खरे आहे, पण सवय कशी करायची हे न सांगता ते ऐकवले तर रात्री दोन वाजता त्याचा अर्थ फार वाईट लागतो. असा अर्थ लावून जगणे नकोसे वाटू लागलेली माणसेही मी पाहिली आहेत. कोणाच्या मनात तसा विचार येत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते.

दिवाळीनंतर तांडेल आले ते भाच्याला घेऊन. भाचा बावीस वर्षांचा, यंदापासून इंजिनावर. मी सवयीने विचारले, “आत्ता वाजतंय का?” ते क्षणभर थांबले आणि जरा रागानेच म्हणाले, “तुम्ही विचारलंत म्हणून वाजतंय.” कॅलेंडर त्यांनी आणले होते. ऑगस्टच्या पानावर एक-दोन फुल्या तुरळक होत्या. सप्टेंबरपासून त्याच चौकटींत त्याच निळ्या पेनाने बर्फाच्या लाद्या आणि डिझेलचे लिटर लिहिलेले होते. भाचा खुर्चीत इअरफोन लावून बसला होता. तांडेलांनी त्याला मागून दोनदा हाक मारली, मग खांद्याला हात लावून म्हणाले, “ह्याच्या कानाची तपासणी करायचीय. तारीख लिलावाच्या वेळेची देऊ नका.”