घरात झोपावं का बाहेर

अगं, तुझा मेल वाचला, दोनदा वाचला. पीएचडीला भूकंपांच्या मालिकांचा विषय घेतलायस, मशीन लर्निंग वापरून मोठ्या धक्क्याच्या आधीचे छोटे धक्के ओळखता येतात का ते बघायचंय, आणि पहिल्या सहा महिन्यांतच पालघरकडे फील्डला जायचंय. खूप बरं वाटलं. उत्तराला उशीर झाला कारण सुरुवात कुठून करावी हेच कळेना, शेवटी ठरवलं की काय वाचायचं ते नंतर सांगतो, आधी माझ्या आत्याची गोष्ट सांगतो, जी मी वर्गात कधी सांगितली नाही.

1992 साली किल्लारी भागात धक्के बसत होते. पावसाळ्यातच सुरू झालेले, 18 ऑक्टोबरचा त्यातला मोठा, चारच्या आसपासचा. मी तेव्हा जिऑलॉजीच्या एमएस्सीला. दिवाळीत आत्याकडे गेलो, तिचं गाव तिथून जवळच. रात्री जमिनीतून आवाज यायचा, आधी लांबून घुमल्यासारखा आणि मग फडताळातली भांडी वाजायची. घरातला एकुलता एक शिकलेला मीच, म्हणून आत्याने विचारलं, "बाबा, घरात निजावं का भाईर?" आणि मी सांगितलं की आत्या, खाली काळा कातळ आहे, सरकारी नकाशात आपला भाग झोन एकमध्ये येतो म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा, छोटे धक्के बसून ताकद निघून जाते ते चांगलंच असतं, खुशाल आत झोपा.

आत्याला पटलं नाही. ती वर्षभर गोठ्याशेजारच्या पत्र्याखालीच झोपत राहिली. आतोबांना मात्र माझं बोलणं पटलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी, आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमलेले लोक गाढ झोपलेले. 6.2 चा भूकंप, पंचक्रोशीत मिळून दहा हजारांच्या घरात माणसं गेली. आतोबा आत होते.

हे तुला रडवायला लिहीत नाहीये. माझ्या त्या उत्तरात तीन चुका होत्या आणि त्या तिन्ही तुझ्या विषयात आजही टपून बसलेल्या आहेत, म्हणून लिहितोय.

पहिली चूक नकाशाची. झोन एक याचा अर्थ मी "इथे फॉल्ट नाही" असा घेतला (फॉल्ट म्हणजे कातळ जिथे तुटून सरकतो ती भेग), खरा अर्थ होता "इथे फॉल्ट आपल्याला दिसलेला नाही". आपल्या पायाखालचा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेला लाव्हा, एकावर एक अंथरलेल्या गोधड्यांसारखा, आणि त्याच्या खाली जे जुनं ग्रॅनाइट आहे त्यातल्या भेगा या गोधड्यांनी झाकून टाकल्यात. नंतर किल्लारीत बोअर घेतलं तेव्हा या लाव्ह्याच्या कातळाची, म्हणजे ट्रॅपची, जाडी 338 मीटर निघाली आणि त्याखाली ग्रॅनाइट आणि नाइस या जुन्या खडकांचा पाया. भूकंप त्या पायात झाला, काही किलोमीटर खोलीवर, उथळच म्हणायचा, म्हणून हादरा एवढा भयंकर बसला. आमच्या सरांबरोबर मी गेलो तेव्हा शेतात उचललेली जमीन टेपने मोजली, कुठे वीतभर, कुठे हातभर, मध्येच गायब, परत थोडी पुढे. सलग रेघ अशी नाहीच, सगळं मिळून जेमतेम किलोमीटरभर. एका ठिकाणी ज्वारीच्या रानातला बांध मधोमध चढला होता आणि एक बाई त्या बांधावर बसून नुसती बघत होती. एवढ्या मोठ्या संहाराची वरची खूण तेवढीच. एक-दोन पावसाळ्यांत नांगराखाली तीही मिटली असती. आता तूच विचार कर, असे किती भूकंप त्या गोधडीखाली झाले असतील ज्यांची खूण केव्हाच नांगरली गेली. पुढे 2002 मध्ये नकाशातून झोन एक काढूनच टाकला, लातूरचा भाग तीनमध्ये गेला.

न्यूझीलंडमध्येही हेच झालं. क्राइस्टचर्चच्या पश्चिमेला नद्यांनी आणलेल्या गोट्यांचं सपाट मैदान, त्याखाली फॉल्ट आहे हे कुणाला माहीतच नव्हतं, 4 सप्टेंबर 2010 ला तो 7.1 ने फुटला आणि शेतातून जवळपास 30 किलोमीटर रेघ उमटली. तेव्हा पहाटेची वेळ, शहर जरा लांब, त्यामुळे लोक वाचले. मग आफ्टरशॉक, म्हणजे मोठ्यामागून येणारे धक्के, सुरू झाले आणि ते कमी होत जाणार हे सगळ्यांनी धरलेलं, पण 22 फेब्रुवारी 2011 ला, भर दुपारी जेवणाच्या वेळेला, जवळजवळ शहराखालीच दुसरा एक लपलेला फॉल्ट हलला, आकडा लहान, 6.2 च, आणि 185 माणसं गेली. आफ्टरशॉक हा शब्द ऐकला की लोक सैल पडतात, आपणही पडतो. मोठ्या धक्क्यानंतर संख्या दिवसांच्या प्रमाणात घटत जाते हा ओमोरी या जपानी शास्त्रज्ञाचा 1894 चा नियम आजही चालतो, पहिल्या दिवशी शंभर तर दहाव्या दिवशी साधारण दहा. पण तो नियम धक्क्यांच्या संख्येचा आहे. पुढचा मोठा कुठे आणि कुणाच्या घराखाली होईल ते तो सांगत नाही.

दुसरी चूक ती "ताकद निघून जाते" वाली. हे तुला गावोगाव ऐकायला मिळेल, शिकलेल्या लोकांकडूनही. हिशेब कर ना, आकडा एकने वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट, म्हणजे सहाचा एक धक्का चारच्या हजार धक्क्यांएवढा. किल्लारीत आधी असे हजार झाले होते का? इटलीत लाक्विला शहरात 2009 मध्ये कित्येक महिने छोटे धक्के बसत होते, लोकांना दिलासा देताना हाच युक्तिवाद पुढे आला, आणि 6 एप्रिलच्या रात्री 6.3 चा भूकंप होऊन 309 माणसं गेली. पुढे शास्त्रज्ञांवर खटला चालला, 2012 मध्ये शिक्षा झाली, 2014 च्या अपिलात सहा जण सुटले. तो खटला योग्य होता असं मला वाटत नाही. पण तो दिलासा चुकीचा होता, हे म्हणायचा हक्क मला माझ्या आत्याच्या अंगणात मिळालाय.

तिसरी चूक तुझ्या थिसिसच्या अगदी जवळची आहे, नीट वाच. फोरशॉक ही जात नसते गं. मोठा धक्का होऊन गेला की मागे वळून आपण आधीच्याला ते नाव देतो, तोपर्यंत तो इतर हजारांसारखाच एक धक्का असतो. कॅलिफोर्नियाचा अनुभव असा की शंभर धक्क्यांपैकी पाचेकांच्याच मागे आठवड्याभरात त्याहून मोठा येतो. तिथल्याच रिजक्रेस्टला 4 जुलै 2019 ला 6.4 झाला, तो त्या दिवशी मुख्य भूकंप होता, दुसऱ्या दिवशी 7.1 झाल्यावर त्याचा फोरशॉक झाला. आणि पालघर बघ, नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत हजारो धक्के, लोक तंबूत झोपले, शाळा उघड्यावर भरल्या, पण त्या काळातला मोठ्यातला मोठा चारच्याच आसपास राहिला. याला स्वार्म म्हणतात, राजा नसलेली फौज. किल्लारीचं 1992 आणि पालघरचं 2019, पुढे काय होणार ते माहीत नसताना बघितलं तर दिसायला सारखंच होतं. तुझ्या मॉडेलला शिकवताना "हा फोरशॉक" हे लेबल कोण लावतंय आणि कधी लावतंय हे रोज स्वतःला विचार, नाहीतर ते मॉडेल भूतकाळाचं भविष्य फार छान सांगेल.

मग छोटे धक्के कशाला मोजायचे? तर ते त्या गोधडीखालचे दिवे आहेत म्हणून. एकेक धक्का नीट जागेवर बसवला तर ठिपक्यांची रांगोळी जुळते आणि फॉल्टचा उतार, लांबी, फाटे दिसायला लागतात. दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्याच नोंदी नव्याने चाळून दहा वर्षांत 18 लाख भूकंप सापडले, आधीच्या यादीच्या दसपट. मशीनची खरी ताकद मला तिथे वाटते. कोयनेत तर 1967 च्या 6.3 नंतरही इतकी वर्षं धक्के चालू आहेत, धरणाचं पाणी चढ-उतार झालं की त्यांची संख्याही बदलते, तिथे गोठणे गावाजवळ 3 किलोमीटर खोल बोअर घेऊन थेट पायातल्या ग्रॅनाइटपर्यंत गेलेत, ते सगळं वाचच.

पण कॅटलॉगवर, म्हणजे भूकंपांच्या नोंदींच्या यादीवर, आंधळा विश्वास ठेवू नकोस. खोलीच्या कॉलममध्ये 10, 10, 10 असं सलग दिसलं तर समज की ती मोजलेली नाहीये, धरून चाललेली आहे. खोली नीट हवी असेल तर यंत्र धक्क्याच्या अगदी जवळ लागतं. आम्ही ड्रमवरच्या कागदावर पट्टी लावून आधी पोचणारी पी आणि मागून येणारी एस या लहरींमधलं अंतर मोजायचो, एका सेकंदाचा फरक म्हणजे धक्का साधारण 8 किलोमीटर लांब, पेन्सिल बोथट असली की अर्धा किलोमीटर इकडेतिकडे. तुझ्या पहिल्या पन्नास पिक्स (लहर नेमकी कुठे सुरू झाली त्या खुणा) तरी डोळ्यांनी बघून हाताने कर, सॉफ्टवेअरला नंतर दे. एसची सुरुवात शोधताना किती धाकधूक होते ते अंगात मुरलं की मॉडेलचा आत्मविश्वास कितपत खरा धरायचा ते आपोआप कळेल.

आणि यंत्र लावायला ज्यांच्या अंगणात खड्डा खणशील ते लोक तुला चहा देतील आणि तोच प्रश्न विचारतील, नक्की विचारतील. "आम्ही फक्त डेटा घेतो" म्हणून उठू नकोस. धक्का कधी येईल ते आपल्याला माहीत नसतं, पण घर बघता येतं. किल्लारीच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद, आत-बाहेर दगड आणि मध्ये भर, दोन बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, वर माळवदावर दरवर्षी टाकलेली माती. ती रुंदी लोकांना मजबुती वाटायची. डहाणूकडे कुडाची घरं हलकी असतात, मला काळजी वाटते ती मातीत विटा रचून उभ्या केलेल्या भिंतींची आणि खाटेच्या वर ठेवलेल्या जड सामानाची. हे बघ, दाखव, खाट सरकवायला स्वतः हात लाव.

मला आज तोच प्रश्न परत कुणी विचारला तर मी म्हणेन, आत्या, मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, पण या माळवदावर फार माती आहे आणि या भिंतीत आरपार दगड नाहीत, तू पत्र्याखालीच झोप आणि आतोबांनाही घेऊन जा.