तो डबा आधी बंद कर

अगं,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "काका, आणल्यापासून त्याने एक दाणा खाल्ला नाही," म्हणून रडतेस काय! नव्या घरी आलेला फायटर मासा चार-पाच दिवस तोंड लावत नाही, यात नवल नाही. धडधाकट मासा आठवडाभरही उपाशी काढतो. घाण पाण्यात मात्र तो तेवढाही टिकेल याची खात्री नाही. म्हणून खाद्याचा डबा बंद कर आणि पाण्याकडे बघ.

फोटो मोठा करून पाहिला. तळाच्या निळ्या खड्यांत दाणे फुगलेत, दोन-तीनांवर कापसासारखी बुरशी आलीय. शिवाय दाणे दोन रंगांचे आहेत, म्हणजे आईसुद्धा गुपचूप टाकते आहे. हे सगळं कुजून अमोनिया होतो, माशाला तो विषच. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुझी टाकी तर कालपरवाची. फायटर वर येऊन हवा घेतो, म्हणून दुकानदार त्याला इवल्याशा पेल्यात ठेवतो आणि लोकांना वाटतं याला कसलंही पाणी चालतं. अगं, हवा बाहेरची मिळाली तरी कल्ले त्याच पाण्यात असतात ना!

आज नळीने तळाची घाण ओढून घे आणि साधारण पाव भाग पाणी बदल. सगळं बदलायचं नाही. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, घाल. बादलीत पाणी रात्रभर ठेवून क्लोरीन उडतो हे खरं, पण क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, तसा उडत नाही. तुमच्या घोडबंदर रोडला टँकर येतात, त्यात कोणी काय घातलंय कुणास ठाऊक. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल, तर त्या दिवशी पाणी बदलूच नकोस. टाकी बाल्कनीच्या दारातून हलव. जानेवारीत रात्री गारठा असतो, आणि त्याला 24 ते 28 अंश लागतात. पाणी गार झालं की त्याची भूक मरते. फिल्टरचा झोतही कमी कर. एवढे लांब पंख घेऊन तो झोतात पोहणार कसा? म्हणून कोपऱ्यात पंख मिटून बसलाय.

आमच्याकडे मला कंजूस म्हणायचे. पाहुणे आले की चिमूट-चिमूट टाकायचे, आणि मी डबा औषधांच्या कपाटात लपवायचो. "मुका जीव उपाशी ठेवतो," असं तोंडावर ऐकलंय. ऐकलं आणि डबा तिथेच ठेवला. माझे मासे वर्षानुवर्षं जगले. फुशारकी म्हणून नाही, बरं, थोडी फुशारकी म्हणूनही सांगतोय. नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली, भाड्याच्या घराच्या मालकाला टाकी नको होती, ती देऊन टाकावी लागली. त्याची हळहळ अजून आहे. कपाटाची नाही.

पाणी ठीक झालं की मग खाणं. दुकानात त्याला काय घालत होते ते विचार. फायटर कीटक आणि अळ्या खाणारा. ब्लडवर्मवर, म्हणजे लाल अळ्यांवर, वाढला असेल, तर कोरडा दाणा हे खाद्य आहे हेच त्याला कळत नाही. गोठवलेले ब्लडवर्म चमच्यात वितळव, दोन-तीन सोड. पाच मिनिटांत घेतले नाहीत तर काढून टाक. "राहू दे, नंतर खाईल" म्हणायचं नाही! पोट फुगून खवले उभे राहिले किंवा अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो आजार. मग लगेच फोन कर.

शनिवारी येशील तेव्हा टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन ये, टेस्ट किट माझ्याकडे आहे. अमोनिया शून्याच्या वर निघाला, तर खाण्याचा विषय माझ्याकडे काढायचा नाही.

तुझा,
काका