रिपोर्ट वाचायचे पैसे कोण देणार?

प्रिय पोरी,

तुझा रात्री साडेबाराचा लांबलचक मेसेज सकाळी चहा घेता घेता वाचला, चहा थंड झाला पण वाचून काढला. तुझा प्रश्न असा की काका, खाणीच्या जनसुनावणीत गावाला नीट बोलता यावं म्हणून सरकारकडं पैसा मागायचा, हे भीक मागितल्यासारखं नाही का, आणि तुझ्या ग्रुपमधली पोरं म्हणतात की सरकारचा पैसा घेतला की तोंड बंद होतं. पोरांची भीती खोटी नाही. पण आधी मला सांग, आत्ता त्या सगळ्या प्रकरणात पैसा कोणाचा फिरतोय?

ईआयए रिपोर्ट, म्हणजे खाणीनं पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल, तो करणारा कन्सल्टंट कंपनीच्या पैशानं. सुनावणीचा मंडप, खुर्च्या, व्हिडिओ शूटिंग, पेपरातली जाहिरात, सुनावणी घेतं प्रदूषण नियंत्रण मंडळ पण खर्च कंपनीचा. समोर बसलेले साहेब पगारी. म्हणजे त्या मंडपात बिनपैशाचा एकच माणूस असतो, तो म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून आलेला गाववाला. मग त्याच्यासाठी मागितलं तर भीक काहून?

2006 चं ईआयएचं सरकारी नोटिफिकेशन तू वाचलंयस म्हणतेस, चांगलं केलंस. कमीत कमी 30 दिवसांची नोटीस, मराठीत सारांश, ग्रामपंचायतीत कॉपी, सगळं लिहिलेलं आहे. आता त्या 30 दिवसांत काय करायचं ते बघ. सारांश मराठीत मिळतो, तो पंधरा-वीस पानांचा, त्यात सगळं छान छानच असतं. खरा माल मोठ्या रिपोर्टच्या परिशिष्टात, इंग्रजीत, तक्त्यांमध्ये. तो उमरेड नाहीतर सावनेरकडच्या एखाद्या सरपंचानं सोयाबीनची सवंगणी सोडून महिनाभरात वाचावा आणि त्यातली चूक दाखवावी अशी अपेक्षा. मी भूजलाच्या नोकरीत तीस वर्षं काढली तरी मला असा रिपोर्ट धड वाचायला आठवडा लागतो.

आता माझी एक चूक सांगतो, कोणाला फारशी सांगत नाही. बरीच वर्षं झाली, एका ओपनकास्टच्या, म्हणजे उघड्या खाणीच्या, सुनावणीआधी आम्ही चार गावांतून वर्गणी काढली, 38 हजार जमले. तेव्हा ते खूप वाटले होते. दोन बसेस, फ्लेक्स, भोंगा, जेवण, त्यातच सगळे गेले. सुनावणी जबरदस्त झाली, चाळीसेक माणसं बोलली, बाया बोलल्या, टाळ्या पडल्या, आम्ही येताना तर्री पोहे खात स्वतःवर खूश. मग इतिवृत्त हातात आलं. धूळ, पाणी, रोजगार याबाबत ग्रामस्थांनी चिंता व्यक्त केली, आणि बाजूच्या कॉलममध्ये कंपनीचं उत्तर, योग्य ती उपाययोजना करण्यात येईल. चाळीस माणसांचं बोलणं दोन ओळींत. कारण आमच्यापैकी कोणीच रिपोर्टमधलं पान नंबर सांगून बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही, मी तर तेव्हा नोकरीत होतो आणि मागच्या रांगेत लपून बसलो होतो.

पुढच्या वेळी दुसऱ्या गावात वेगळं केलं. भोंगा नाही, फ्लेक्स नाही. एक रिटायर्ड भूजलवाला (मी नव्हे, माझा सिनियर) चार दिवस गावात राहिला, त्याच्या जाण्यायेण्याचे, जेवणाचे आणि थोड्या मानधनाचे पैसे दिले, बस्स. त्यानं रिपोर्टमधला विहिरींचा तक्ता काढला तर सगळी मापं दिवाळीनंतरची, म्हणजे विहिरीत पाणी असतं तेव्हाची. तो एका बाईच्या वावरात गेला. तिच्या मोटारीच्या खोलीत भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं, तिचा नवरा लिहायचा, मोटार किती वेळ चालली ते. नोव्हेंबरात चार तास, फेब्रुवारीत दीड तास, मे मध्ये 20 मिनिटं आणि मग पुढं नुसत्या रेघा. त्या भिंतीचा फोटो काढला, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींचे आकडे काढले (ते लोक वर्षातून चारदा पातळी मोजतात, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर), आणि सुनावणीत त्या बाईनं एवढंच विचारलं, "साहेब, तुम्ही माह्या हिरीचं पानी दिवाईले मोजलं, मे मंधी काहून नाही मोजलं?" तो प्रश्न जसाच्या तसा इतिवृत्तात आला आणि त्याला 'योग्य उपाययोजना' हे उत्तर चाललं नाही, उन्हाळ्याची मापं नव्यानं घ्यावी लागली. खाण थांबली का? नाही थांबली. पण खाणीतून पाणी उपसायच्या अटी बदलल्या.

म्हणून मी पैशाच्या मागं लागलोय. तो प्रश्न बाईचाच होता पण तो नेमक्या तक्त्यावर नेऊन ठेवायला चार दिवसांचा एक माणूस लागला, आणि त्या माणसाला पोट असतं.

कॅनडात हे कायद्यात आहे. तिथं 2019 च्या इम्पॅक्ट असेसमेंट कायद्यात कलम 75 प्रमाणे लोकांच्या सहभागासाठी निधीचा कार्यक्रम चालवणं हे मूल्यांकन करणाऱ्या सरकारी एजन्सीवर बंधनकारक आहे. त्याची मुळं जुनी, 1970 च्या दशकात न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांनी मॅकेंझी खोऱ्यातल्या पाइपलाइनची चौकशी केली तेव्हाच आदिवासी आणि पर्यावरणवाल्या गटांना सरकारी पैसा मिळाला होता. ओंटारियो प्रांतानं तर 1988 ला कायदाच केला की हा खर्च प्रकल्पवाल्यानं द्यायचा, तो 1996 ला संपू दिला, म्हणजे तिथंही हे काही कायमचं पदरात पडलेलं नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या न्यू प्रॉस्पेरिटी तांबे-सोन्याच्या खाणीचं प्रकरण जरूर वाच. तिथल्या चिलकोटिन आदिवासींच्या तळ्याचा प्रश्न होता, सहभागासाठी निधी दिलेला होता, आणि शेवटी मुद्दा अडला तो टाकाऊ गाळाच्या तलावातून किती पाणी झिरपेल यावर. पण एक लक्षात ठेव, कंपनीचा झिरपण्याचा अंदाज कमी आहे हे तिथल्या सरकारी खात्याच्याच भूजल तज्ज्ञांनी दाखवलं. म्हणजे नुसता निधी असून भागत नाही, सरकारी माणसाला खरं बोलायची मोकळीकही लागते. आपल्याकडं त्याचं काय आहे ते तुला सांगायला नको.

आता तुझा मुद्दा, की हा खर्च डीएमएफमधून, म्हणजे खाणवाले पैसे भरतात त्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानातून, भागवावा. नागपुरात कोळसावाल्या वेकोलिचं मुख्यालय, मँगनीजवाल्या मॉईलचं मुख्यालय, खाण ब्युरोचं मुख्यालय, पर्यावरण संशोधनवाली नीरी, सगळं आपल्याच गावात, आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रॉयल्टीच्या 10 नाहीतर 30 टक्के एवढा पैसा येतो हे खरं. पण तो कोळसा निघाल्यावर येतो, सुनावणी खाणीच्या आधी असते. आणि त्याच्या विषयांत पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण आहे, गावानं रिपोर्ट तपासायला स्वतःचा माणूस लावणं नाही. जुन्या खाणींच्या पैशातून नव्या सुनावणीला थोडा वाटा द्या अशी मागणी कर, जरूर कर, पण ते वाटप कलेक्टर ऑफिसकडं ठेवा असं चुकूनही लिहू नको. सुनावणीच्या अध्यक्षस्थानी कलेक्टर किंवा त्यांचा माणूस, आणि गावाच्या तज्ज्ञाचा चेकही त्यांच्याच सहीनं, मग तुझ्या पोरांची तोंड बंद वाली भीती खरी ठरते.

मला विचारशील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं बोट दाखव. 1987 च्या कायद्यानं महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, न्यायाधीशांच्या देखरेखीत पॅनल असतं. तो वकील सरकारी पैशावर सरकारच्याच विरोधात उभा राहतो आणि कोणी त्याला विकलेला म्हणत नाही. त्याच धर्तीवर भूजलवाला, धुळीचा जाणकार, भाषांतर करणारा यांचं पॅनल का नको? एवढा एकच मुद्दा तुझ्या निवेदनात ठेव, बाकीच्या अकरा मागण्या काढून टाक, अकरा मागण्यांचं निवेदन कोणी वाचत नाही बापा.

आणि पैसा सुनावणीच्या महिन्यात मागू नका, उशीर होतो. टीओआर, म्हणजे ईआयएत काय काय तपासायचं ते ठरवणारा सरकारी कागद, निघतो आणि पर्यावरण मंजुरीच्या परिवेश पोर्टलवर दिसतो, तेव्हाच विहिरी मोजायला लागा. मे ची मापं मे मध्येच घ्यावी लागतात, नंतर कितीही पैसा आला तरी तो मे परत येत नाही.

हिशोबाचं मात्र कडक राहा. कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या पैशातून, एक कप चहासुद्धा नको. वही ग्रामसभेत वाचून दाखवा, बसचं तिकीट, झेरॉक्स, मानधन, सगळं, तुमच्यावर पहिला आरोप पैशाचाच होणार आहे, तोही गावातूनच.

टीओआरची पीडीएफ नुसती पाठवू नको, मला फोनवर दिसत नाही, प्रिंट काढून आण. रविवारी ये, तुझी काकू सांबारवडी करणार आहे. आणि येताना त्या गावातल्या दोन-चार मोटारीच्या खोल्यांच्या भिंती बघून ये.

तुझा,
काका