कॉफीतील लाकडी चव: गुण कधी, दोष कधी?

पाकिटावर ‘देवदार’ असे छापलेले असताना कपात मात्र कोरड्या फळीची चव येते, तेव्हा दोष दाण्यांचा मानावा की आपल्या करण्याच्या पद्धतीचा, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते लाकडी चव एकटी तपासून याचा निर्णय होत नाही. तिच्या सोबतीला गोडवा आणि आम्लता शिल्लक आहेत का, हे पाहावे लागते.

सुमात्रामध्ये ‘गिलिंग बासाह’ या पद्धतीत दाणा पुरता वाळण्याआधीच, त्यात ३० टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना, त्याचे कडक टरफल काढतात आणि उरलेली वाळवणी उघड्या दाण्यावर होते. या कॉफीतील देवदाराचा गंध मसाल्यांच्या आणि मातीच्या गंधासह येतो, आम्लता सौम्य असली तरी घोट भरदार लागतो आणि गिळल्यावरही गोडवा रेंगाळतो. असे लाकूड मला मनापासून आवडते, आणि त्याला दोष म्हणणे अन्यायाचे वाटते.

जुन्या मालातील लाकूड मात्र निराळे असते. कच्च्या दाण्यांतील ओलावा सामान्यतः १० ते १२ टक्के ठेवतात. पण तागाच्या पोत्यात, उष्ण आणि दमट गोदामात ते महिनोन्‌महिने पडून राहिले, की आम्लता व सुगंध हळूहळू ओसरतात आणि आधी गवताच्या पेंढ्यासारखी, पुढे सुक्या लाकडासारखी चव उरते. कॉफीच्या चवींची वर्गवारी दाखवणाऱ्या, २०१६ साली सुधारलेल्या स्वादचक्रात ‘लाकडी’ ही नोंद कागदी, शिळा आणि कुबट यांच्या शेजारी आहे, ती याच अर्थाने. भाजणी कितीही कुशल असली, तरी हरवलेले परत येत नाही.

रोबस्टा या कॉफीच्या जातीचे प्रमाण जास्त असलेल्या मिश्रणात हा लाकडी स्वर ताज्या दाण्यांतही ऐकू येतो, कारण रोबस्टात क्लोरोजेनिक आम्ले अधिक आणि साखर कमी असते. भाजताना त्याच आम्लांतील फेरुलिक घटकापासून ग्वायाकोल हे संयुग तयार होते. त्याचा वास धुराचा व मसालेदार असल्याने गडद भाजणीची चव पुष्कळदा लाकडी समजली जाते.

दाण्यांना दोष देण्याआधी कागदी गाळणी तपासा. न धुतलेली, विशेषतः तपकिरी गाळणी स्वतःची चव कॉफीला देते. तिच्यातून नुसते गरम पाणी गाळून ते चाखले, की शंका फिटते. त्यानंतर गाळणी न वापरता, १५० मिलिलिटर पाण्याला सुमारे ८ ग्रॅम जाडसर पूड घेऊन कपिंग करा, म्हणजे पुडीवर थेट गरम पाणी ओतून ती तळाशी बसल्यावर चमच्याने चाखा, आणि कप कोमट होईपर्यंत थांबून पुन्हा चाखा, कारण फार गरम घोटात हा फरक नीट कळत नाही. कपिंगमध्ये चव स्वच्छ आणि रोजच्या कपात मात्र जीभ कोरडी करणारा तुरटपणा असेल, तर अर्क जास्त उतरतो आहे. दळण थोडे जाड करावे. निवल्यावर गोडवा वर आला, तर पाकिटावरचे वर्णन खरे आहे. फक्त पुठ्ठा आणि फळी उरली, तर विक्रेत्याला भाजणीची तारीख नव्हे, पिकाचे वर्ष विचारावे.