महालक्ष्मी, हाजी अली, सिद्धिविनायक आणि माहीमचा दर्गा: एका दिवसात, आईवडिलांना घेऊन

तुमचा प्रश्न असा आहे, की साठी ओलांडलेल्या आईवडिलांना ही चारही ठिकाणं एका दिवसात दाखवायची तर क्रम कसा लावावा. दिवस हाजी अलीच्या भरती-ओहोटीवरून ठरवा, बाकी सगळं त्याभोवती बसतं.

हाजी अलीचा दर्गा समुद्रातल्या खडकावर आहे. तिथे जाणारी अर्धा किलोमीटरभर वाट भरतीला पाण्याखाली जाते आणि तिला कठडा नाही. भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. त्यात सहा तास मिळवले की पावणेदहाच्या आसपास ओहोटी. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून आदल्या दिवशी भरतीचं वेळापत्रक बघाच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि मुंबईत भर दुपारी पाणी चढतं. ते दिवस वयस्कर माणसांसाठी टाळा. पावसाळ्यात तर पूर्ण भरती नसतानाही लाटा वाटेवर येतात.

म्हणून पंचमी किंवा षष्ठी निवडा. चतुर्थी हिशोबाला चांगली, पण संकष्टीला सिद्धिविनायकाची रांग आवरत नाही. वार सोमवार बरा. मंगळवार सिद्धिविनायकाचा, गुरुवार-शुक्रवारी दर्ग्यांत गर्दी आणि बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना असल्याने रस्ता तुंबतो.

सकाळी आठला महालक्ष्मी. ओटीचं सामान आणि कमळं बाहेरच मिळतात. भाव आधी विचारा. गाभाऱ्यात महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती अशा तिघी आहेत. रांगेत पुढे ढकलत असले तरी तिघींकडे नीट बघून घ्या, मधल्या देवीवरच नजर खिळते आणि बाकीच्या दोघी राहून जातात.

तिथून हाजी अलीची वाट पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. सुरुवातीच्याच टपरीवर चपला काढायला सांगतील. काढू नका, नाहीतर अख्खी वाट तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालावी लागते. चपला दर्ग्याच्या दाराशी काढा. नुकतंच पाणी उतरलं असेल तर कडेला शेवाळ असतं, म्हणून आईवडिलांना मधून चालवा. गुडघ्यांना त्रास असेल तर काठी जवळ ठेवा, टेकायला वाटेत काही नाही. परतायचं ते पाणी चढायच्या दोन तास आधी. कव्वाली रंगली म्हणून बसून राहिलेले लोकच पलीकडे अडकतात.

आत डोकं झाकायचं, वडिलांसाठी खिशात मोठा रुमाल असू द्या. चादर घेतलीच पाहिजे असं नाही. गुलाब आणि सब्जाची एक थाळी पुरते. मजारीकडे, म्हणजे पिराच्या कबरीकडे, पाठ न करता निघायची रीत आहे. बायकांच्या प्रवेशाबद्दल मनात शंका असेल तर काढून टाका: मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०१६ च्या निकालानंतर त्याच वर्षी बायका पुन्हा मजारीच्या दालनात जाऊ लागल्या. त्यांची रांग वेगळी असते.

दुपारी जेवण आणि मग विश्रांती. ही विश्रांती कापू नका. चार ठिकाणांचा बेत फसतो तो इथेच. चारच्या सुमाराला टॅक्सीने प्रभादेवी. सिद्धिविनायकाला तोकडे कपडे चालत नाहीत, मोठी पिशवीही नको.

शेवटी माहीमला सूफी संत मखदूम अली माहिमींचा दर्गा. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज आटोपल्यावर जा, म्हणजे खोळंबा होत नाही. बायकांनी कुठवर जायचं ते तिथल्या मुजावरांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना, विचारून घ्या. डिसेंबरात उरूस भरतो, दहा दिवस जत्रा असते आणि मुंबई पोलीस वाजतगाजत चादर आणतात. तो सोहळा बघण्यासारखा आहे, पण त्यासाठी वेगळा दिवस काढा, आईवडिलांना त्या गर्दीत नेऊ नका.