आमटीत दोनदा मीठ

"मॅडम, आईचंच होणार का माझं?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ताईंनी विचारलं. वय ४६, राहायला कोथरूडला, एका कर सल्लागाराचं काम घरून करतात. त्यांच्या आईला डिमेन्शिया होता. शेवटी लेकीलाही ओळखत नव्हत्या. आणि आता ताईंच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं होतं, सासूबाईंची बीपीची गोळी राहिली होती, एका पार्टीचे आकडे दुसऱ्या पार्टीच्या रिटर्नमध्ये गेले होते. चूक वेळेत सापडली, पण त्या रात्री ताईंना झोप लागली नाही. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

चाळिशी-पन्नाशीतल्या किती तरी जणी हीच भीती घेऊन येतात. तिला मी कधीच हसण्यावारी नेत नाही. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पैशांचा नेहमीचा हिशेब न जमणं, असं काही असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जायला हवं. ताईंचं तसं काही नव्हतं. तरी फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगितलं. आणि आठवडाभर एक वही ठेवायला लावली: चूक झाली, तर तिच्या आधीच्या पाच मिनिटांत काय काय घडलं?

वहीतली एक नोंद अशी होती: "मंगळवार, ११ तारीख. जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरत होते. कुकरची तिसरी शिट्टी, गॅस बंद केला. बेल वाजली, कुरिअर. परत बसले. 'आई, त्रिकोणमिती!' जाऊन आले. पार्टी चुकली." आठवड्यात नऊ चुका. त्यातल्या आठ अशाच, कामातून उठून परत बसल्यावरच्या.

मी ताईंना १ ते १० म्हणायला सांगितलं. मग क ते ञ. दोन्ही मिळून ९ सेकंद लागले. आता आलटून पालटून: १ क, २ ख, ३ ग... पाचाशी अडखळल्या, सातावर थांबून पुन्हा मागे गेल्या. २४ सेकंद. "दोन्ही पाठ आहेत की हो मला!" त्या म्हणाल्या. तेच तर मला दाखवायचं होतं. पाठांतर शाबूत होतं, वेळ गेला तो वळणावर.

हे वळण मानसशास्त्र जवळपास शंभर वर्षं मोजत आलं आहे. आर्थर जर्सिल्ड यांनी १९२७ मध्ये दाखवलं, की कामं आलटून पालटून केली की एकेक सलग करण्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. १९९५ मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल यांच्या प्रयोगांत तर पुढे कोणतं काम येणार हे आधीच माहीत होतं, तयारीला वेळही होता. तरी वळणाची किंमत कमी झाली, शून्य झाली नाही. आधीच्या कामाचा नियम मनातून लगेच उतरत नाही, नवा पूर्ण बसलेला नसतो. धडधाकट तरुण माणसांचंही असंच होतं.

भिशीत ताईंना सगळ्या अष्टभुजा म्हणतात. मला हे कौतुक खरंच टोचतं. सगळीकडे एकाच वेळी हजर असणं म्हणजे मनाची लवचिकता, असा आपण समज करून घेतला आहे. लवचिकता म्हणजे गरज पडल्यावर जुना नियम सोडून नवा धरता येणं. दर चार मिनिटांनी तसं करायला लावलं, तर कुणीही चुकेल.

अर्धवट सुटलेल्या कामात मन मागेच रेंगाळतं, यावर सोफी लेरॉय यांचं काम आहे. उठण्याआधी "कुठे थांबले, परत आल्यावर आधी काय करायचं" एवढं लिहून ठेवलं तर हे रेंगाळणं कमी होतं, असं त्यांना सहसंशोधकासह २०१८ मध्ये आढळलं. आम्ही तेच केलं. लॅपटॉपशेजारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा. शिवाय जीएसटी रिटर्नच्या मुदतीच्या, म्हणजे ११ आणि २० तारखेच्या आदल्या दोन दिवशी सकाळी दीड तास दार बंद, कुकर नवऱ्याकडे. हे दुसरं घरच्यांच्या गळी उतरवायला तीन बैठका लागल्या. नवऱ्यालाही एकदा बोलावून घेतलं.

दरम्यान बी-१२ कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. म्हणून सगळं श्रेय चिठ्ठ्यांना मी देणार नाही. पण दोन महिन्यांनी वहीत आठवड्याला दोन-तीनच चुका होत्या, आणि त्या बघून ताईंना आई आठवत नव्हती.

शेवटच्या भेटीत त्यांनी पर्समधून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. अक्षर मुलाचं होतं: "आई, तू भाकरी करत होतीस म्हणून हाक नाही मारली. गणित चौथं, दुसऱ्या पायरीला अडलोय. झालं की ये."