वाचकांचे प्रश्न : बक्षिसे पुष्कळ, मग नफा का नाही?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त अकरा वर्षे ब्रिटनमध्ये लेस्टरला राहतो. येथील एका परवानाधारक संकेतस्थळावर मी नऊ खेळाडूंच्या, एकाच टेबलावरच्या पोकर स्पर्धा खेळतो. प्रवेश १० पौंड, वर १ पौंड शुल्क. जमलेल्या ९० पौंडांतून पहिल्याला ४५, दुसऱ्याला २७ आणि तिसऱ्याला १८ मिळतात. ३०० स्पर्धांत मी ३४ वेळा पहिला, ३९ वेळा दुसरा आणि ४५ वेळा तिसरा आलो. शंभरात एकोणचाळीस वेळा बक्षीस मिळूनही हाती फारसे उरत नाही. कुठे चुकते?

उत्तर : तुम्ही क्रमांकवार नोंद ठेवली आहे, म्हणून अंदाजाने बोलावे लागत नाही. शुल्क धरून तुम्ही ३,३०० पौंड भरले आणि ३,३९३ परत मिळवले. नफा ९३ पौंड, म्हणजे भरलेल्या रकमेवर २.८ टक्के. नऊही जण सारख्या कुवतीचे असतील तर प्रत्येकाचे ११ पौंड जाऊन सरासरी १० परत येतात, म्हणजे सगळ्यांनाच नऊ टक्क्यांचा तोटा होतो. तेवढी चढण चढून तुम्ही नफ्यात आला आहात, ही गोष्ट लहान नाही. परंतु स्पर्धेला सरासरी ५० मिनिटे धरली तर २५० तास होतात आणि तासाला ३७ पेन्स पडतात. टक्केवारीच्या शेजारी हा आकडा वहीत असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बक्षिसांच्या ज्या टक्केवारीचे तुम्हाला समाधान वाटते, तिच्याआडच खरी अडचण लपली आहे. हीच ११८ बक्षिसे ३९, ३९ आणि ४० अशी विभागली गेली असती तर नफा २२८ पौंड झाला असता. त्याहून बोलके उदाहरण असे : तुम्ही बक्षिसात ११० वेळाच आला असता, पण ४८ वेळा पहिले, ३४ वेळा दुसरे आणि २८ वेळा तिसरे, तर नफा २८२ पौंड झाला असता. आठ बक्षिसे कमी आणि नफा तिपटीहून अधिक. तिसरा क्रमांक सांभाळण्यासाठी तुम्ही पहिला गमावत आहात.

हे घडते ते चौघे उरल्यावर. समजा चौघांकडे सारख्या चिप्स (डावात लावायच्या सोंगट्या, त्या संपल्या की खेळाडू बाद) आहेत. तेव्हा प्रत्येकाच्या चिप्सची किंमत ९० चा चौथा हिस्सा, म्हणजे २२.५० पौंड असते. ऑल-इनचा, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावण्याचा, डाव जिंकून तुमच्या चिप्स दुप्पट झाल्या, तरी त्यांची किंमत ४५ होत नाही, ३४.५० होते, कारण बाद झालेल्या गड्याच्या वाट्याचा काही भाग बाजूला बसलेल्या दोघांच्या पदरात पडतो. म्हणून समोरच्याच्या ऑल-इनला कॉल करायचा, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून तो स्वीकारायचा तर, ब्लाइंडच्या (पत्ते पाहण्याआधी आळीपाळीने सक्तीने भरायच्या) चिप्स बाजूला ठेवून, जिंकण्याची शक्यता ५० नव्हे, सुमारे ६५ टक्के हवी (३४.५० चे ६५ टक्के म्हणजे जवळपास २२.५०). कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा जेमतेम तेवढेच जिंकतात. इथवरची सावधगिरी योग्यच आहे. मात्र ती कॉल करणाऱ्याने बाळगायची आहे. तुम्ही स्वतः आधी ऑल-इन गेलात तर हाच ६५ टक्क्यांचा पेच समोरच्यापुढे उभा राहतो आणि चांगले पत्तेही त्याला टाकून द्यावे लागतात. तुमच्या आकड्यांवरून मला असे दिसते की तुम्ही दोन्हीकडे सारखेच जपून खेळता, ब्लाइंड भरता भरता झिजता आणि तिघांत पोहोचेपर्यंत लढण्याजोग्या चिप्स उरत नाहीत.

तिघे उरले की हिशेब पालटतो. १८ पौंड प्रत्येकाचे पक्के झालेले असतात. दुसरा आल्यास ९ वाढतात, पहिला आल्यास त्यावर आणखी १८. त्यामुळे शेवटच्या दोघांतल्या खेळाचा वेगळा सराव करा, कारण तिथल्या एका निकालात तुमच्या जवळजवळ दोन प्रवेशांची रक्कम अडकलेली असते.

शुल्काकडेही पाहा. याच स्पर्धा ५० पेन्स शुल्काच्या असत्या, तर खेळात काहीही न बदलता तुमचा नफा २४३ पौंड झाला असता. (भारतातील वाचकांनी ध्यानात घ्यावे की २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यास बंदी आहे, हे उत्तर लेस्टरच्या वाचकासाठी आहे.)

प्रश्न : (याच वाचकाचा) तीनशे स्पर्धांच्या आकड्यांवर किती विसंबावे?

उत्तर : फार थोडे. या बक्षीसवाटपात एका स्पर्धेचा निकाल सरासरीपासून शुल्कासह भरलेल्या रकमेच्या साधारण १.४ पट इकडेतिकडे होतो. त्यामुळे ३०० स्पर्धांनंतर तुमचा २.८ टक्क्यांचा दर सुमारे १६ टक्के खाली किंवा वर असू शकतो. म्हणजे तुम्ही मुळात तोट्यातले खेळाडू असाल किंवा उत्तम खेळाडूही असाल. ही अनिश्चितता निम्मी करायची तर चौपट, म्हणजे १,२०० स्पर्धा लागतात आणि ५ टक्क्यांवर आणायची तर ३,००० च्या आसपास. तेवढे थांबणे व्यवहार्य नाही, म्हणून चौघे उरल्यानंतरचा प्रत्येक ऑल-इन आणि प्रत्येक टाकलेला डाव चिप्ससह लिहून ठेवा आणि आठवड्याच्या शेवटी वरच्या पद्धतीने तपासा. निकाल नशिबाने बदलतात. चुकीचा टाकलेला डाव मात्र पहिल्या आठवड्यातच वहीत दिसतो.